खालच्या ड्रॉवरमधली कार्डं

प्रतापने विभागातल्या लोकांनी भरून दिलेली सातही कार्डं न वाचता टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये टाकली आणि ड्रॉवर बुटाने ढकलून बंद केला. कार्डं पिवळी होती. प्रत्येकावर एक सूर्यफूल छापलेलं आणि त्याखाली वाक्य: ‘तुमचं स्वप्न, आमची साथ’.

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमधल्या त्या ब्रेक-चाचणी विभागातून वर्षभरात तीन इंजिनिअर सोडून गेले होते. त्यावर कंपनीला सुचलेला उपाय म्हणजे हे सूर्यफूल. माणसाला त्याच्या आयुष्यात काय करायचं आहे ते विचारा, त्यासाठी मदत करा, मग तो जाणार नाही. विभागप्रमुख प्रतापला हा प्रकार बालवाडीतला वाटला. माणसं पगारासाठी येतात आणि जास्त पगारासाठी जातात. एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्याने मिळवलेलं शहाणपण एवढंच होतं आणि ते त्याला पुरत आलं होतं.

पण कॉम्प्युटरवरचे फॉर्म दुपारच्या आत जायला हवे होते. त्याने ते स्वतःच भरले. आपल्या हाताखालच्या माणसांना काय हवं असणार, हे त्यांना काय विचारायचं? येन्स एकदा मासेमारीबद्दल काहीतरी बोलला होता. त्याला गळ आणि बाकीचं सामान. नव्याने आलेल्या ध्रुवला जर्मनचा पुढचा कोर्स. अश्लेषाच्या नावापाशी मात्र तो थांबला. ब्रेक तपासायचा नवा टेस्ट बेंच तिच्याशिवाय कुणाला नीट चालवता येत नव्हता आणि नोव्हेंबरमध्ये गिऱ्हाईक तो बघायला येणार होतं. ती गेली तर बेंच म्हणजे भंगार. त्याने टाइप केलं: डॉक्टरेट. हुशार मुलगी, दुसरं काय मागणार?

तीन आठवड्यांनी मंजुरी आली. प्रतापने अश्लेषाला केबिनमध्ये बोलावलं. कॉफीही स्वतः आणून ठेवली.

“बस, बस. अभिनंदन! युनिव्हर्सिटीत पीएच.डी., आठवड्याचे दोन दिवस, पूर्ण पगारी. फक्त तीन वर्षं इथेच राहायचं, एवढी एक अट. इथे सही कर.”

अश्लेषाने कागद दोन्ही बाजूंनी वाचला.

“सर, हे कुणी मागितलं?”

“तूच. म्हणजे तुझ्या वतीने मी. आपल्याकडच्या मुलींना संकोच फार.”

“मी ग्लायडरचं लिहिलं होतं.”

“कशाचं?”

“ग्लायडर. दीड वर्ष शिकतेय. क्लबमध्ये नुसतं उडायला जाऊन चालत नाही, दिवसभर मैदानावर राबावं लागतं. दुसऱ्यांची विमानं ढकलायची, मग आपली पाळी. आणि तुम्ही दर शनिवारी टेस्ट लावता. जानेवारीत मी तुम्हाला बोलले होते.”

प्रतापला जानेवारी आठवेना.

“इंजिनच नसलेलं विमान?” तो हसला. “अगं, ब्रेकवाली ना तू? आई काय म्हणते तुझी?”

“तिला आवडलं. मागच्या उन्हाळ्यात आली होती, तेव्हा माझ्या शिक्षकांबरोबर एक फेरी मारून आली.”

“बरं. तर मग, शनिवारचं बघू आपण. आधी ही सही.”

तिने कागद त्याच्याकडे परत सरकवला आणि पिशवीतून एक लिफाफा काढून त्यावर ठेवला. इथे राजीनामा ईमेलने चालत नाही. कागद लागतो, शाईची सही लागते. दोन्ही होतं. तारीख चार दिवसांपूर्वीची होती.

“किती देतायत ते?” प्रतापने विचारलं.

“इथल्यापेक्षा कमी.”

“मग?”

“तीन आठवडे थांबले, सर. वाटलं, कार्ड वाचाल.”

कॉफीला तिने हात लावला नव्हता. तरी जाताना कप उचलून किचनमध्ये ठेवायला घेऊन गेली.

प्रतापने वाकून ड्रॉवर उघडला. तिचं कार्ड तिसरं होतं. बारीक, सरळ अक्षर. ‘स्वप्न: ग्लायडर उडवण्याचा परवाना. कंपनीने काय करावं: शनिवार मोकळा ठेवावा. बाकी काही नको. इथलं काम मला आवडतं.’

फोन वाजला. मनुष्यबळ विभागाच्या फ्राउ लेंट्स होत्या, आणि खुशीत होत्या.

“प्रताप, तुमचा विभाग पहिला! सगळे फॉर्म वेळेत, सगळी स्वप्नं मंजूर. बाकीच्या प्रमुखांना काही सुचतच नाहीये. पुढच्या आठवड्यात त्यांना जरा सांगाल का, लोकांच्या मनातलं कसं ओळखलंत ते?”

“कार्डं वाचून,” प्रताप म्हणाला.

“गेनाऊ! हेच, अगदी हेच सांगा.”

काचेपलीकडे येन्स त्याच्या जागेवर बसला होता. नवा गळ अजून खोक्यातच, टेबलाखाली आडवा पडलेला. त्यावर तो पाय ठेवून बसला होता.

फोन कानाशी धरूनच प्रतापने पुढचं कार्ड काढलं. येन्सचं. त्यावर मासेमारीचं नावही नव्हतं.