धुतलेली बरणी

संग्रहालयाच्या कीटक विभागात तिला सगळे डिंकताई म्हणायचे. जिऱ्याएवढ्या गांधीलमाश्या कार्डाच्या त्रिकोणी टोकावर डिंकाच्या थेंबाने चिकटवण्यात तिची अठ्ठावीस वर्षं गेली. पोळं बांधून डसायला धावणाऱ्या नव्हेत. दुसऱ्या किड्यांच्या पिल्लांवर आपली पिल्लं पोसणाऱ्या, परजीवी. निवृत्तीनंतर चार वर्षांनी विभागाच्या नव्या बाईंचा फोन आला, ‘येताना जुन्या वह्या आणा.’

खोलीत तोच डांबरगोळ्यांचा वास होता. विभागाचे जुने प्रमुख, सर, जाऊन सहा वर्षं झाली, तरी त्यांची खुर्ची खिडकीशीच होती.

नव्या बाईंनी दोन खण पुढ्यात ओढले. एकात बिनपंखी, थेट मुंगीसारख्या, सगळ्या माद्या. दुसऱ्यात पंखवाले, सगळे नर. सरांनी या दोन जाती मानल्या होत्या. ‘जोडीदार मिळतील कधीतरी,’ म्हणायचे.

“मला वाटतं, हे नवराबायको आहेत,” नव्या बाई म्हणाल्या. “तीस वर्षं वेगळ्या खोल्यांत झोपवलंय आपण त्यांना! पण इतक्या जुन्या पायांतून डीएनए निघत नाही, आणि ताजे काही केल्या सापडत नाहीत. दोघं एकाच ठिकाणाहून निघाल्याची नोंद आहे का कुठे?”

नोंद होती. मांडीवरच्या पिशवीतच होती.

तेव्हा घरी स्वयंपाकघराच्या खिडकीत किडे वाढवायच्या तिच्या बरण्या असायच्या. “सूनबाई, तुझी ही पोरं कधी हातातोंडाशी यायची गं?” सासूबाई रोज विचारायच्या. कोळ्याच्या अंड्यांची एकच पिशवी ठेवलेल्या बरणीत एका सकाळी पाच बिनपंखी निघाल्या, दोन पंखवाले. ती केस न विंचरताच सरांकडे धावली होती. सरांनी चष्मा कपाळावर चढवून बघितलं, हसले, आणि वहीच्या समासात काहीतरी खरडलं. वर्षभराने पंखवाल्या जातीला त्यांनी तिचं नाव दिलं, लॅटिन शेपूट लावून.

घरी ती सूनबाई, मग आई, इथे डिंकताई. तिचं खरं नाव धडपणे कुणी वापरलं असेल, तर या माशीने.

“एकच जात ठरली तर नाव कुणाचं राहणार?” तिने विचारलं. नियम तिला पाठ होता.

“आधी ठेवलेलं. बिनपंखीचं.” नव्या बाई खणाकडे बघत राहिल्या. “तुमचं खाली जाईल. बाद नावांत.”

“म्हणजे लग्न लागलं आणि नाव गेलं. तेही नवऱ्याचं! सासूबाईंना चक्कर आली असती.”

दोघी हसल्या. डिंकताईचा हात मात्र पिशवीच्या बंदावरच होता. वह्या वाळवीने खाल्ल्या म्हटलं असतं, तर कोण बघायला येणार होतं?

तिने भिंग उचललं. नराच्या छातीखाली तिचाच थेंब होता, पिवळा पडलेला. मोहरीएवढासुद्धा नाही, पण किडा इतक्या वर्षांत तसूभर हलला नव्हता. हात चांगला होता आपला, तिला वाटलं. डोळेही.

तिने वही काढली, पान उघडलं. ‘एक पिशवी. पाच बिनपंखी, दोन पंखवाले.’ खाली तारीख. समासात सरांचं तिरकं अक्षर: ‘भेसळ दिसते. बरणी नीट धुवत जा.’

वही तिने नव्या बाईंपुढे सरकवली आणि खिडकीशी वळून रिकाम्या खुर्चीला म्हणाली,

“धुतलेली होती हो, सर.”