पावणेचार किलोंचा महिषासुर

माझ्या कपाळावरचा एक मोती खळ वाळताना अर्ध्या तांदळाएवढा खाली घसरला आहे. लांबून ते कुणाला दिसत नाही. मित्रांनो, मी बंगालमधल्या पुरुलियाकडचा, छाऊ नाचातला महिषासुराचा एक जुना मुखवटा आहे.

माती, कागद आणि चिंध्यांचे थर देऊन मला घडवले. मग मुखवटे घडवणाऱ्या सूत्रधरांच्या घरातल्या बिलासीकाकीने चिंचोक्यांच्या खळीने माझ्यावर आरसे, मोती आणि जर चिकटवली. तेव्हा मी दीड किलोचा होतो. नाचणारा हराधन महातो मला तोंडावर बांधून उंच उडी घेई, हवेत गिरकी मारून गुडघ्यांवर उतरे. लोक माझी वाहवा करत.

दर चैत्रात, शिवाच्या गाजन जत्रेआधी, मला नवी सजावट मिळते. जुनी मात्र काढत नाहीत. ती काढली तर मागची वाहवाही निघून जाते, असे आमच्याकडे मानतात. थरावर थर चढत गेले. आता वाण्याच्या तराजूत मी पावणेचार किलो भरतो.

उतरताना हराधनच्या मानेत कट्ट असा आवाज होतो. ढोलांत तो कुणाला ऐकू जात नाही. मला जातो. प्रत्येक उडीला वाटते, या वेळी ही मान पुन्हा वर येणार नाही. मला ओरडता येत नाही. माझे तोंड नुसते रंगवलेले आहे.

काकीलाही शंका आहे. तीन वर्षे ती काही बोलायला जाते आणि खळ ढवळत बसते.

आज पथकाचे ओस्ताद पिसांची जुडी घेऊन आले.

"काकी, पलीकडच्या गावचा महिषासुर म्हणे दारातून आत मावत नाही. आपला खुशाल येतो-जातो. शोभतं का हे?"

"मग दारच लहान करू या, ओस्ताद," हराधन हसला. त्याने डाव्या हाताने मुरमुरे घेतले. ते बोटांतून गळून गेले. त्याला कळलेच नाही. रिकामी मूठ तो तोंडापर्यंत घेऊन गेला.

काकीने ते पाहिले. "बोटं कधीपासून बधिर आहेत?"

"नाचलो की होतं, काकी. उतरतं दुपारपर्यंत."

"शेवटचं नाचलास त्याला महिना झाला, बाबा."

हराधन उजव्या हाताने सांडलेले मुरमुरे गोळा करू लागला.

"काकी, आठच दिवस उरलेत," ओस्ताद म्हणाले.

मित्रांनो, थर सोलले तर माझा रंगही जाईल, हे मला ठाऊक आहे. त्याचीही भीती वाटते. पण वस्तू जपताना ती वाहणारा माणूस आधी जपावा.

काकीने कुंचला पाण्यात बुडवून धुतला.

"ओस्ताद, मी यावर आता काही चिकटवणार नाही," ती म्हणाली. "आहे तेही सगळं उतरवणार. आणि डॉक्टरनं याची मान बघितल्याशिवाय मुखवटा कुणाला देणार नाही."