गुंजनच्या दाढेची टोपी

धानाच्या रोवणीचे दिवस होते. त्यात अंगणवाडीत वरच्या मॅडमची तपासणी. तरीही सुटी काढून अंगणवाडीसेविका चेतना सहा वर्षांच्या लेकीला, गुंजनला घेऊन तिरोड्याच्या दातांच्या दवाखान्यात वेळेवर पोचली. डॉक्टर रश्मीनं पोरीच्या तोंडात बॅटरी मारली.

"रिंगा कुठं गेल्या?"

चार दिवसांपूर्वी किडलेल्या दुधाच्या दाढेच्या दोन्ही बाजूंना डॉक्टरनं रबराच्या निळ्या रिंगा अडकवल्या होत्या. त्यांनी फट पडली की स्टीलची टोपी नीट बसते. सुई नाही, मशीन नाही.

"आबाजीनं काढल्या," गुंजन म्हणाली.

चेतनाला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. फट बुजली होती. डॉक्टरनं नव्या रिंगा घालून शुक्रवारी बोलावलं.

घरी सासरे टेकचंद खाटेवर बसले होते. चेतनानं पिशवी टाकली.

"मामाजी, पोरीच्या तोंडात हात कायले घातला तुमी?"

"रडून राहिली होती. मले वाटलं, दातात भाजी फसली."

"निळी भाजी कुठं पाहिली तुमी?"

"आता मले का मालूम? अन् पडणाऱ्या दाताले टोपी काऊन पायजे?"

"ते दाढ दहा-अकराव्या वर्षी पडते! तवरक पोरगी एकाच बाजूनं जेवंन का?"

शुक्रवारी चेतनानं सासऱ्यांनाही सोबत नेलं. टोपी बसताना डोळ्यांनी पाहिली नाही, तर ते तीही भाजी समजून काढतील, ही तिला धास्ती होती.

डॉक्टरनं रिंगा काढल्या आणि टोपीत सिमेंट भरून ती दाढेवर बसवली. "आता जोरात चाव."

गुंजननं तोंड वाकडं केलं आणि टोपी थुंकली. पुन्हा पुसणं, पुन्हा सिमेंट, पुन्हा थू. चेतनाचा हात उठायच्या बेतात होता. तेवढ्यात टेकचंद खुर्चीपुढं वाकले. उरलेल्या तीन दातांत त्यांनी कापसाचा बोळा धरला आणि डोळे वटारून चावला. गुंजन खुदकन हसली. डॉक्टरनं तेवढ्यात टोपी दाबली, पोरीनं कचकन चावलं.

बसली एकदाची!

"दोन-चार दिवस चावताना उंच लागेल, मग सवय होते. दाढ पडेल तेव्हा टोपीही तिच्यासोबतच पडेल," डॉक्टर म्हणाली. मग तिनं बॅटरी दुसऱ्या बाजूला फिरवली. "इकडंही एक किडली आहे. सोमवारी रिंगा घालू."

चेतनानं एक लांब श्वास सोडला. डॉक्टरकडून तारखेचं कार्ड घेतलं आणि सरळ सासऱ्यांच्या हातात दिलं.

"माह्या सुट्या सरल्या, मामाजी. आता तुमीच आणा तिले."

टेकचंदनी नातीकडं पाहिलं, कार्डाची घडी केली आणि विचारलं, "सोमवारी कितीक वाजता?"