माझे कोपरे घासू नका

मित्रांनो, व्हिडिओ गेमच्या पडद्यावर चौकोनी ठिपक्यांनी बनलेली अक्षरं पाहिलीत ना? तोच मी, एक जुना फॉन्ट. दिसायला ओबडधोबड, पण स्वभावाने सरळ. ओसाकातल्या एका छोट्या कंपनीत तात्सुनो नावाच्या मुलीने मला घडवलं. आलेख कागदावर आठ उभ्या, आठ आडव्या चौकटी, त्यात एक अक्षर बसवायचं. एक चौकट इकडची तिकडे झाली की अक्षराचं तोंड वाकडं! ती खोडायची, पुन्हा भरायची. शेजारचा चहा गार होऊन जायचा.

मग मी कामाला लागलो. गुण दाखवले, खेळ संपल्याचं सांगितलं, हरलेल्या पोरांच्या शिव्या खाल्ल्या. पण एक गोष्ट तेव्हापासून सलते. दुसऱ्या कंपन्यांनी माणसं पळवू नयेत म्हणून आमचे मालक खेळाच्या शेवटी कुणाचंच खरं नाव देत नसत. तात्सुनोचं टोपणनाव होतं 'चिमणी'. जिने मला घडवलं, तिचं नाव काही मला कधी लिहायला मिळालं नाही.

पुढे गुळगुळीत अक्षरं आली आणि माझी गच्छंती झाली. आता म्हणे जुन्याची फॅशन! टोप्यांवर मी, बिस्किटांवर मी. एका शहाण्याने तर औषधाच्या बाटलीवर मला मुंगीएवढा करून छापलं. अरे, मी मोठ्या मथळ्याचा गडी, मला कसल्या बारीक सूचना लिहायला लावता?

गेल्या रविवारी मात्र माझं नशीब उघडणार होतं. कुरासाको काकांच्या गेमच्या दुकानाचा वाढदिवस होता आणि पाहुण्या होत्या तात्सुनो आजी. काकांच्या पुतणीने, चिनामीने, मोठ्या पडद्यावर आजींचं खरं नाव लिहायला मलाच घेतलं. मी हरखून गेलो. आणि या बयेने काय करावं? "कोपरे फार टोचतात डोळ्यांना," म्हणत ते घासून गोल केले, वर मला रुंदीत ताणलं! माझा नुसता लगदा झाला.

"आजी, काय लिहिलंय सांगा बरं?" चिनामीने कौतुकाने विचारलं.

आजींनी चष्मा पुसला, डोळे बारीक केले. "पडद्यावर काहीतरी सांडलंय वाटतं."

"चिनामे, अगं काय केलंस हे!" काका कडाडले. "ज्यांनी याला घडवलं, त्यांनाच तो ओळखू येईना!"

"सुंदर दिसावं म्हणून केलं हो, काका!"

"सुंदर राहू दे बाजूला. आधी वाचता तर येऊ दे!"

चिनामीने जीभ चावली आणि सगळी रंगसफेदी काढून टाकली. मी पुन्हा चौकटीला चौकट लावून ताठ उभा राहिलो. दुकानातल्या लोकांनी एका सुरात वाचलं, "तात्सुनो कियोए!"

आजी पडद्याजवळ गेल्या. त्यांनी पहिल्या अक्षराच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. "मेल्या, तुला किती वेळा खोडलं होतं रे मी," त्या पुटपुटल्या आणि रडू लागल्या. मलाही भरून आलं.

मित्रांनो, मला मोठं करा, पण माझे कोपरे घासू नका. आणि एखादी वस्तू आवडली तर ती कुणी घडवली तेही वेळेवर विचारा. मला ते नाव लिहायला मिळालं, तोवर ते वाचणारे डोळे म्हातारे झाले होते.