वास पुसलेली बहीण

मी पोळ्याच्या दारावर बसणारी रानटी मधमाशी बोलतेय. नांगी नसलेली, तिळाएवढी. माझं घर एका प्रयोगशाळेच्या भिंतीत, खिडकीखालच्या भेगेत आहे.

मी जन्मले त्याच दिवशी शेजारच्या कप्प्यातून आणखी एक बाहेर आली. दोघींनी मिळून मेण मळलं, कप्पे भरले. पुढे ती मधाला जाऊ लागली आणि मला दाराची राखण मिळाली. काम सोपं. येणारीला मिशांनी चाचपायचं. घराचा वास आला की बाजूला व्हायचं, नाही आला तर चावायचं. चेहरेबिहरे आमच्यात कोणी बघत नाही.

खिडकीशी एक संशोधक बाई रोज स्टूल टाकून बसायची. तिचे म्हातारे वडील डबा घेऊन यायचे आणि तिथेच रेंगाळायचे.

"ही प्रत्येकीला हुंगतेय कशाला गं?"

"ओळखपत्र तपासतेय, बाबा."

एके दिवशी बाईने परतणाऱ्या एका माशीला काचेच्या नळीत धरलं, कसल्याशा औषधात भिजवलेल्या कापसाने हलकेच पुसलं, वाळू दिलं आणि दाराशी सोडलं.

मी चाचपलं. काहीच नाही. पार कोरी. मी तिचा पंख मुळाशी धरला. आतून चौघी धावून आल्या. ती उलट चावली नाही. जीभ पुढे करून मला मधाचा थेंब देत राहिली. तो थेंब आमच्याच फुलांचा आहे हे कळेपर्यंत ती खाली पडली होती.

"परकी होती वाटतं," वडील म्हणाले.

"नाही, यांचीच. दारावरच्या या हिच्याच बरोबर जन्मलेली. दोघींच्या पाठीवर मीच ठिपका दिलाय. आज फक्त तिचा वास पुसला."

वडिलांनी उघडलेला डबा पुन्हा बंद केला. "आणि हेच बघायचं होतं तुला?"

"हो. पण इतक्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं." पेन्सिल हातात होती, पण तिला लिहवेना.



दुसऱ्या दिवशी वडील आले नाहीत. बाईने कुठल्याशा परक्या घरची माशी आणली, तिच्या अंगाला कालच्या कापसातून काढलेलं काहीतरी चोपडलं. "कालचाच वास हा," ती स्वतःशीच पुटपुटली.

मी चाचपलं. माझी बहीणच दारात उभी होती. मी बाजूला झाले.

आता माझे पंख झिजलेत. दोन दिवसांत एखादी धाकटी या जागी बसेल. तिला सावध करावंसं फार वाटतं. पण आमच्यात जे सांगायचं ते वासानेच, आणि या गोष्टीला वास नाही. म्हणून तुम्हाला सांगितली.