कॅम्पिंगला एवढी मोठी कशाला?

"कशासाठी पाहिजे?" दिपिकाने विचारलं.

पनवेलातलं ते शेतीच्या अवजारांचं दुकान. दुपारची वेळ होती आणि काउंटरवर ती एकटीच होती. तिच्या मागच्या भिंतीवर चेनसॉ टांगलेले, लहानापासून मोठ्यापर्यंत.

"घरी लागतो. सरपणाला. आणि कॅम्पिंगला," प्रितेश म्हणाला.

खरं: खांदा कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला सरपण लागत नाही. तंबू आहे, पण घेतल्यापासून तो पिशवीतून बाहेर आलेला नाही.

"मग हा बॅटरीवाला न्या. छोटी पट्टी, वजनाला हलका, आवाज नाही. वहिनीपण चालवतील."

"जरा मोठा दाखवा."

"फांद्या किती जाड आहेत?"

"फांद्या नाहीत. खोड आहे. आंब्याचं." त्याने दोन्ही हात पसरून दाखवलं.

"बापरे! मग पेट्रोलवालाच लागेल. अठरा इंची पट्टी. तरी दोन्ही बाजूंनी कापायला लागेल." ती त्याच्याकडे बघून हसली. "पण साहेब, कॅम्पिंगला एवढी मोठी कशाला? राहायला चाललाय की जंगल साफ करायला?"

तोही हसला. आपल्याला हसता येतंय, याचंच त्याला वाईट वाटलं.

"रविवारी कंपनीचा माणूस येतो. तो चालवून दाखवेल, मग घ्या."

"नको. आजच पाहिजे."

खरं: त्याचे बाबा, काशिराम, न्यूमोनियाने आयसीयूत होते. डॉक्टरांनी सकाळी सांगितलं होतं, नातेवाइकांना कळवून ठेवा. आणि बाबांनी चांगले असताना, जेवताजेवता, कुणाच्या हळदीत, जो भेटेल त्याला सांगून ठेवलं होतं की माझ्या चितेला वखारीचं लाकूड घालू नका, माझा आंबा घाला. गावची, विचुंब्याची जमीन गेली, तिथे इमारती झाल्या. बांधाचा एक तुकडा तेवढा राहिला होता आणि त्यावर आंबा. पावसाळ्यात तो आडवा झाला. पडल्यापासून तसाच वाळत होता.

गावात माणूस गेला की मग चारजण कुऱ्हाडी घेऊन निघतात. आधी कोणी निघत नाही. आधी लाकूड तोडणं म्हणजे माणसाला पुढे ढकलणं. पण आता कुऱ्हाड धरणारे चारजण कुठून आणायचे? आणि भाड्याने मशीनवाला बोलवावा तर त्याचा पहिला प्रश्न हाच: कोणासाठी?

"पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळायचं," दिपिका खोक्यात सामान भरत सांगत होती. "चेनचं तेल वेगळं. आणि पट्टीचं टोक लाकडात खुपसायचं नाही हं. मशीन उसळी मारून थेट तोंडावर येतं. चष्मा घालायचाच. एकट्याने चालवू नका, कोणीतरी सोबत ठेवा."

"आहेत ना," प्रितेश म्हणाला. "बाबा आहेत."

•

समृद्धीने, त्याच्या बायकोने, बुधवारी हॉस्पिटलमधून पाठवलेले मेसेज. त्याने ते नंतर एकदम वाचले.

आज चार ते पाच आत सोडतायत. निघालास ना?

मास्कमुळे बोलता येत नाही त्यांना. सारखी मिशी दाखवतायत हाताने. म्हणजे तू.

मीटिंग संपली नाही अजून?

मी ट्रॅफिक सांगितलंय.

पाच वाजले.

•

मशीनच्या आवाजात फोन ऐकू आला नाही. हे खरं आहे. मशीन सुरू करायच्या आधी त्याने घड्याळ पाहिलं होतं, हेही खरं आहे.

सरपणाला हातभर तुकडे चालतात. चितेला लांब लागतात. किती लांब, हे कोणाला विचारणार? बाबा आपल्या खांद्याला लागतात एवढं त्याला माहीत होतं. म्हणून तो आजूबाजूला बघून खोडावर उताणा झोपला आणि आपल्या खांद्यापाशी खडूने रेघ मारली. वर आभाळ होतं आणि नव्या इमारतीची क्रेन. तो लगेच उठला.

तीन ओंडके झाले होते तेव्हा शेजारच्या घरातली सोनाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय चाललाय रं?"

"कॅम्पिंगला लाकडं, काकी."

"त्ये काय असतं?"

"तंबूत राहायचं. बाहेर."

"घर हाय ना तुला?" ती म्हणाली. मग ओंडक्यांकडे बघितलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. "काशिरामदादा कसा हाय?"

"बरा हाय."

"बरा हाय ना? मंग सालपटं नेतंय मी चुलीला." तिने ओच्यात सालपटं गोळा केली. लाकडाला हात लावला नाही.

•

गुरुवारी सकाळी डॉक्टर म्हणाले, मास्क काढतोय, धोका टळला.

प्रितेशच्या मनात पहिलं आलं: मग लाकडं?

आनंद झाला. खूप झाला, समृद्धीला धरून तो कॉरिडॉरमध्ये रडला. पण आनंद मागून आला. समृद्धी म्हणाली, "बघ, उगाच घाबरलास," आणि त्याच्या शर्टाच्या कॉलरमधून लाकडाचा भुसा उचलला आणि बोटांत चोळून पाहिला.

•

आठवड्याने बाबा घरी आले. हातात काठी, अंगात स्वेटर. आल्या आल्या बाल्कनीत गेले.

"ह्या काय हाय?"

"चेनसॉ, बाबा. लाकूड कापायचं मशीन."

"कशाला?"

"कॅम्पिंगला," प्रितेश म्हणाला. आता ते पाठ झालं होतं.

"तुझा तंबू तर अजून कुवारा हाय!" बाबांना हसता हसता खोकला आला. समृद्धी पाणी घेऊन धावली. पाणी पिऊन ते म्हणाले, "मना ने एकदा. आपट्याला, नदीवर. शेकोटी करू. हॉस्पिटलान ए.सी.न हाडं गारठली माझी."

"बरे व्हा, मग जाऊ."

"बराच हाय मी. रविवारी जाऊ."

प्रितेशने ठरवलं, आपट्यालाच कोणाकडून तरी मोळी विकत घ्यायची. पण रविवारी गाडीत बसल्यावर बाबांनी काठीने डावीकडचा रस्ता दाखवला. "विचुंब्यावरून घे. आपला आंबा असताना लाकूड कशाला विकत?"

"बाबा, तिकडे चिखल आहे."

"डिसेंबरान चिखल?"

समृद्धीने मागच्या सीटवरून आरशात प्रितेशकडे बघितलं आणि मग खिडकीबाहेर.

बांधावर निळी ताडपत्री होती, चारी बाजूंनी विटा ठेवलेल्या. प्रितेश पुढे झाला, "मी काढतो, तुम्ही बसा गाडीत," पण बाबांनी काठीच्या टोकाने ताडपत्री वर केली. मग हाताने. सगळे ओंडके सारखे, शेजारी शेजारी, टोकं जुळवून लावलेले.

त्यांनी काठीने एका ओंडक्याची लांबी चाचपली. मग हळूच एका ओंडक्यावर बसले, हात फिरवला.

"सरपन हाय ह्या?"

प्रितेशच्या तोंडून कॅम्पिंग हा शब्द निघाला नाही.

"बरोबर कापलीस," बाबा म्हणाले. "वाललीत चांगली. ताडपत्री पन घातलीस." आवाजात राग नव्हता. राग असता तर प्रितेशला पाय धरता आले असते. "कनच्या दिवशी कापलीस?"

गुरुवारी, असं सांगता आलं असतं. किंवा मशीनवाल्याने कापली, मला ठाऊकच नव्हतं. समृद्धी गाडीपाशी उभी होती आणि तीही उत्तराची वाट बघत होती.

"बुधवारी," तो म्हणाला.

बाबांनी मान हलवली. "बुधवारी मी दाराकडं बघत होतो. नर्स बोलली, आजोबा, डोळं मिटा. मी बोललो, नाय, माझा पोरगा येतोय. तोंडावर त्यो डबा, तिला काय ऐकू गेला नसंल."

"मला वाटलं..." प्रितेश म्हणाला.

"सगल्यांनाच वाटला. मना पन वाटला." बाबा काठीवर भार देऊन उठले. "मशीन काढ. हातभर कर. सगली."

"सगळी? थोडी ठेवू या ना बाबा, तुम्हीच म्हणायचा..."

"मी सगली बोललो."

प्रितेशने गाडीतून चेनसॉ आणला, चष्मा घातला. बाबा खडूचा तुकडा घेऊन ओंडक्यावर हातभर मोजत गेले, कोपर टेकवून, बोटं लांबवून, रेघ मारून. मध्येच दम लागला की थांबत. शेवटची रेघ मारून मागे सरले.

"पुढच्या खेपेला," ते म्हणाले, "आधी भेटाय ये. मंग कापायचा त्या काप."

प्रितेशने दोरी ओढली. मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं, आणि त्या आवाजात त्याला काही बोलावं लागलं नाही.