सोपानरावांची कमान

मारुतरावांच्या मनाला एकच गोष्ट लागून राहिली होती. वडील सोपानराव जाऊन सहा वर्षं झाली आणि गावात त्यांचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. पंचवीस वर्षं सोसायटीचा चेअरमन राहिलेला माणूस! फार झालं तर लोक ‘मारुतरावांचे वडील’ म्हणायचे. मारुतरावांना ते फार टोचायचं.

म्हणून त्यांनी वेशीत कमान बांधली. नाथवाडी केडगाव स्टेशनापासून कोसभर आत आणि गावात शिरायला रस्ता एकच. जो येईल तो बापाच्या नावाखालनंच येणार. वर सिमेंटचे दोन हत्ती, मधे सोनेरी अक्षरांत ‘कै. सोपानराव प्रवेशद्वार’. मारुतराव यात्रा कमिटीचे अध्यक्ष, त्यामुळं मोजमाप त्यांनी जातीनं घेतलं. उसाची भरलेली ट्रॉली उभी केली, कंटेनरची उंची विचारून घेतली, डीजेचा ट्रक स्पीकरच्या भिंतीसकट खालून काढून दाखवला. सगळं मोजलं, देव तेवढा मोजायचा राहिला.

भैरवनाथाच्या यात्रेला शिवेपासून देवळापर्यंत तीस फुटांची काठी उभी नेतात; ती काठी म्हणजेच देव. वाटेत ती वाकवायची नाही, हा रिवाज. एरवी जागचे न हलणारे वीजवालेसुद्धा त्या दिवशी तारा सोडून ठेवतात. काठीचा दोर धरायचा मान मुलाण्यांच्या घराकडं. आता तो अयुबकडं आहे. तो कुरकुंभला कंपनीत कामाला, पण यात्रेची सुट्टी भांडून घेतो.

यात्रेच्या सकाळी मारुतराव फेटा बांधून, हार घेऊन कमानीखाली उभे राहिले. काठी डुलत आली आणि कमानीपुढं थबकली. हलगी बंद पडली. कमान बावीस फूट, काठी तीस. तिसरीतल्या पोरालाही कळणारी ही गोष्ट कळायला गावाला यात्रा उजाडावी लागली.

"जरा तिरकी करा की," मारुतराव हळूच म्हणाले.

ऐंशी वर्षांच्या दगडोबा गुरवानं डोळे वटारले. "माझ्या आज्यापासनं काठी वाकली न्हाई. आता तुमच्यापायी वाकवायची व्हय?"

"मंग जेसीबी बोलवा, हत्ती उतरवू!" मागनं कुणीतरी ओरडलं, आणि लोकांना ते एकदम पटलं.

बापाचं नाव भर यात्रेत जेसीबीनं पाडायचं? मारुतराव सरळ कमानीच्या खांबाला मिठी मारून उभे राहिले. माणूस हास्यास्पद दिसत होता खरा, पण डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पाणी खोटं नव्हतं.

अयुबला ते बघवेना. तो दगडोबाला म्हणाला, "आबा, एका अंगाला ओढा हाय, दुसऱ्या अंगाला आमचं परस. परसातनं घेऊ की. पुढं पुन्हा रस्त्यालाच लागतंय."

"थांबा, आधी माझ्या कोंबड्या धरू द्या!" अयुबची आई हुसेनबी ओरडली आणि वाळत घातलेले कपडे ओढायला धावली.

काठी ताठ उभी परसातनं गेली. वांग्याची रोपं तुडवली गेली. हुसेनबीनं काठीच्या बुडाशी तांब्याभर पाणी घातलं. अख्खं गाव मागोमाग गेलं आणि कमानीखाली मारुतराव हार घेऊन एकटे उरले.

यात्रा झाल्यावर मारुतरावांनी कमान उंच करायचा ठराव मांडला. तर दगडोबाच आडवा आला. "हुसेनबीचं पाणी नाथानं घेतलंय. आता वाट बदलायची न्हाई. कोप होईल."

याला तीन वर्षं झाली. पाहुण्यांना गाव आता सांगतं, की काठी पिढ्यान्‌पिढ्या मुलाण्यांच्या परसातनंच जाते. त्यामागं एक दंतकथाही आहे, ती दगडोबा दरवर्षी थोडी वाढवतो. हुसेनबीनं तिथं वांगी लावणं सोडलं. कमान उंच करायचा विषय काढला, तर मारुतरावांनाच परंपरा बुडवणारा म्हणतात.

आणि यात्रेच्या दिवशी, मारुतराव फेटा बांधून स्टेजवर बसलेले असताना, माइकवरचा माणूस सकाळपासून घसा फोडून ओरडत असतो, "भाविकांनी सोपानरावांच्या कमानीपाशी डावीकडं वळावं! सोपानरावांच्या कमानीतनं देव जात न्हाई!" दौंडपासून शिरूरपर्यंतच्या पाहुण्यांना आता त्यांच्या वडिलांचं नाव तोंडपाठ आहे.